कुत्र्याच्या कातडीवरचा यीस्ट: वास ओळखण्यापासून आंघोळीच्या दहा मिनिटांपर्यंत

पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगाला येणारा वास आपण 'ओल्या कुत्र्याचा वास' म्हणून सोडून देतो. आमचा लॅब्रेडॉर बाळू चार वर्षांचा असताना आम्हीही तेच केलं. पण ओल्या केसांचा वास अंग सुकलं की जातो. बाळूचा जात नव्हता. आंघोळ घालून दोन दिवस झाले की पुन्हा तोच वास, खवट तेल आणि आंबलेलं पीठ एकत्र यावं तसा. मग तो रात्र रात्र पंजे चाटायला लागला. एका दवाखान्यात खाजेचं इंजेक्शन दिलं, आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी खाज दुपटीने परतली. असं तीनदा झालं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी बाळूच्या काखेत साधी चिकटपट्टी लावून काढली, रंगात बुडवली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला बघायला बोलावलं. भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या जांभळ्या पेशी, नुसती दाटी. तीन महिने चाललेल्या त्रासाचं नाव पाच मिनिटांत कळलं: यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी.

ज्यांच्या घरी हा त्रास पहिल्यांदाच आलाय त्यांच्यासाठी, मी जे करत शिकलो आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते क्रमाने लिहितो. मी पशुवैद्य नाही. तपासणी आणि औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडेच. पण या आजारात निम्मं काम घरी, न्हाणीघरात होतं आणि ते कसं करायचं हे दवाखान्याच्या गर्दीत कुणी सविस्तर सांगत नाही.

आधी हा यीस्ट कोण ते समजून घ्या

याचं नाव मॅलसेझिया. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली माणसाच्या कोंड्यात या बुरशीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. कुत्र्यांवर राहणाऱ्या जातीला पॅकिडर्मॅटिस म्हणतात. ती पहिल्यांदा कुत्र्यावर सापडलेली नव्हती. १९२५ साली कातडीचे पापुद्रे निघत असलेल्या एका भारतीय एकशिंगी गेंड्यावर ती मिळाली, म्हणून जाड कातडीच्या प्राण्याचं हे नाव तिला चिकटलं.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा यीस्ट बाहेरून येत नाही. निरोगी कुत्र्याच्या कानात, ओठांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली तो थोड्या प्रमाणात असतोच. कातडीवरची चरबी हे त्याचं खाणं. कातडीची राखण नीट चालू असते तोवर तो गप्प असतो. ऊब, ओल आणि तेलकटपणा वाढला, किंवा ॲलर्जीने कातडी कमकुवत झाली, की त्याची संख्या भराभर वाढते. काही कुत्र्यांना तर या यीस्टचीच ॲलर्जी होते. मग पेशी थोड्या असल्या तरी खाज भयंकर असते.

म्हणून 'यीस्ट झालाय' एवढ्यावर थांबू नका. त्याला वाढायला जागा कुणी करून दिली, हे शोधल्याशिवाय तो पुन्हा पुन्हा येतो. बाळूच्या बाबतीत हे समजायला आम्हाला एक वर्ष लागलं.

पायरी पहिली: घरीच नीट बघा, हुंगा आणि लिहून ठेवा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कुत्र्याला पाठीवर झोपवा. वरून केस ठीक दिसतात. खरी खूण खाली असते. गळ्याची खालची बाजू, काखा, जांघा, पोट, शेपटीखालची जागा, ओठांच्या आणि चेहऱ्याच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, कानाची आतली बाजू हे सगळं केस बाजूला करून बघा. गळपट्टा कायम घालत असाल तर तो काढून त्याच्या खालची कातडीही बघा. ओला पट्टा तिथेच तासन् तास राहतो.

सुरुवातीला कातडी लालसर आणि हाताला तेलकट लागते. पिवळट, चिकट कोंडा असतो. पांढऱ्या किंवा फिक्या केसांच्या कुत्र्याचे पंजे सतत चाटून तांबूस-तपकिरी होतात, नखांच्या मुळाशी तपकिरी थर जमतो. आजार जुना झाला की केस विरळ होतात, कातडी काळी पडते आणि जाड, सुरकुतलेली, हत्तीच्या कातडीसारखी होते. ही काळी जाड कातडी बघून लोक घाबरतात, पण उपचाराने तीही सावकाश मऊ होते. फक्त तिला महिने लागतात, आठवडे पुरत नाहीत.

वास सगळ्यात आधी कळतो. पंज्यांना आणि कानांना नाक लावा. खवट-आंबूस वास यीस्टकडे बोट दाखवतो, पण नुसत्या वासावरून निदान करू नका. जीवाणूंच्या संसर्गालाही वास येतो.

प्रत्येक जागेचा फोटो काढा, तारीख टाका. शिवाय चार गोष्टी वहीत लिहा: खाज कधी सुरू झाली, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत वाढते, काय काय खायला घालता, आणि आजवर कोणती औषधं-इंजेक्शनं झाली. ही वही डॉक्टरांना कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कॉकर स्पॅनियल, शिह त्झू, बॅसेट हाउंड, डॅक्सहुंड, वेस्ट हायलँड टेरियर या जातींना हा त्रास जास्त होतो. पगसारख्या घड्यांच्या चेहऱ्याच्या कुत्र्यांना घडीतच होतो. गावठी कुत्र्याला होत नाही असं नाही, पण रस्त्यावरचं गावठी कुत्रं केस जाऊन, खपल्या येऊन उघडं पडलेलं दिसलं तर आधी संशय खरजेच्या किड्यांचा धरावा.

पायरी दुसरी: स्लाइड बघितल्याशिवाय औषध सुरू करू नका

हा माझा आग्रह आहे, आणि तो तीन महिने वाया घालवून आलेला आहे. यीस्ट, जीवाणू, खरजेचे किडे, गजकर्ण आणि निव्वळ ॲलर्जी हे पाचही लांबून एकसारखे दिसतात. पाचांची औषधं वेगळी. गजकर्णावर चालणारं ग्रिसिओफल्विन यीस्टवर काहीच करत नाही. खाज दाबायला दिलेल्या स्टेरॉइडने चार दिवस बरं वाटतं, पण नुसतंच ते देत राहिलं तर कातडीची राखण आणखी ढिली पडते आणि यीस्टला मोकळं रान मिळतं.

चाचणी अगदी साधी आहे. सुक्या, तेलकट जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलतात, ओल्या जागेवर काचपट्टीच टेकवतात, कानातून कापसाच्या काडीवर मळ घेतात. मग रंग देऊन हजारपट मोठं करून बघतात. एक पेशी मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी असते. एका बाजूने फुगलेली, मधे आवळलेली. इंग्रजीत बुटाच्या ठशाची उपमा देतात, मला भुईमुगाची शेंगच बरोबर वाटते. किती पेशी दिसल्या की आजार म्हणायचा याचा एकच ठरलेला आकडा नाही. डॉक्टर पेशी, कातडीची अवस्था आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद या तिन्हींवरून ठरवतात. यीस्ट निरोगी कातडीवरही असल्यामुळे नुसत्या कल्चरने (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघण्याने) काही सिद्ध होत नाही. त्याच बैठकीत कातडी खरवडून किड्यांची तपासणीही करून घ्या.

जाण्याआधी दोन-तीन दिवस औषधी शाम्पू, मलम, पावडर काही लावू नका. पुसून गेलेल्या जागेवर स्लाइडमध्ये काही दिसणार नाही.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "स्लाइड करून बघता का?" मायक्रोस्कोप नसलेला दवाखाना असेल तर दुसरीकडे जायला संकोच करू नका. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत ही तपासणी नेहमीची असते.

पायरी तिसरी: आंघोळ

डॉक्टरांनी यीस्ट सांगितला की मुख्य औषध शाम्पू. गोळी त्याच्या नंतर येते. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो २ टक्के मायकोनाझोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन एकत्र असलेल्या शाम्पूला, आठवड्यातून दोनदा, निदान तीन आठवडे. केटोकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडीन एकत्र असलेले शाम्पूही डॉक्टर लिहून देतात. क्लोरहेक्सिडीन जीवाणूंवरही चालतं, त्यामुळे दोन्ही संसर्ग एकत्र असतील तर एकाच आंघोळीत काम होतं.

शाम्पू चांगला असूनही गुण येत नाही याचं सगळ्यात मोठं कारण घाई. औषध कातडीवर पूर्ण दहा मिनिटं राहायला हवं. आम्ही पहिले दोन आठवडे बाळूला फेस लावून लगेच धूत होतो आणि 'शाम्पू चालत नाही' म्हणत होतो.

आमची आता बसलेली पद्धत अशी. आंघोळीआधी त्याला फिरवून आणतो, म्हणजे मधेच बाहेर जायची घाई करत नाही. केस लांब असतील तर पोटाचे, पंजांचे आणि शेपटीखालचे कापून घ्यावेत, नाहीतर शाम्पू केसांवरच राहतो. पाणी कोमट, हाताला गरम लागेल असं नको, गरम पाण्याने खाज वाढते. अंग कातडीपर्यंत भिजेतो पाणी घालायचं. लॅब्रेडॉरसारख्या दाट केसांत हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ घेतं. अंग फार तेलकट असेल तर आधी कुत्र्यांच्या साध्या शाम्पूने तेलाचा थर काढून घ्यावा, मग औषधी शाम्पू.

औषधी शाम्पूची सुरुवात सगळ्यात बिघडलेल्या जागांपासून. काखा, जांघा, गळा, प्रत्येक पंजाच्या बेचक्या. पाठ शेवटी. बोटांच्या पेरांनी हलकेच चोळायचं, नखं किंवा ब्रश नको. फेस सगळीकडे पोचला की घड्याळ लावा, त्याच्या आधी नाही. या दहा मिनिटांत कुत्र्याला चाटू देऊ नका. मी स्टुलावर बसून बाळूचे पुढचे पाय धरून बोलत राहतो, आमची मुलगी मोबाईलवर वेळ बघते. डोळ्यांत हा शाम्पू अजिबात जाऊ नये, क्लोरहेक्सिडीन डोळ्याच्या बुबुळाला इजा करतं. चेहऱ्याच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मग भरपूर पाण्याने धुवा. बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत, आणि पोटाखालून विशेष. राहिलेला शाम्पू स्वतःच खाज आणतो.

सुकवणं हे आंघोळीइतकंच महत्त्वाचं आहे. टॉवेल दाबून पाणी टिपायचं. बेचक्या, काखा, जांघा एकेक करून कोरड्या करायच्या. श्रावणातल्या दमट हवेत दाट केसांचं कुत्रं आपलं आपण लवकर सुकत नाही. ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर ठेवून वापरा. अर्धवट ओलं कुत्रं गोणपाटावर जाऊन झोपलं तर केलेली मेहनत वाया जाते.

पूर्ण आंघोळ जमतच नसेल, कुत्रं म्हातारं असेल किंवा सांधे दुखत असतील, तर त्याच औषधांचे ओले रुमाल आणि फेस मिळतात. पंजे, घड्या अशा ठरावीक जागांना ते पुरतात.

गोळ्या कधी लागतात

सगळ्या अंगभर पसरलेला, कातडी जाड झालेला किंवा शाम्पूने न हटणारा आजार असेल तर डॉक्टर इट्राकोनाझोल किंवा केटोकोनाझोल पोटातून देतात. या गोळ्या जेवणाबरोबर द्यायच्या. उलट्या, भूक जाणं, क्वचित यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून लांबचा कोर्स असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. गाभण कुत्रीला केटोकोनाझोल देत नाहीत, आधी सांगा.

इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. आपल्याकडे गोचीड आणि खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास देतात. केटोकोनाझोल चालू असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर ते शरीरात साठून मेंदूवर विषारी परिणाम होऊ शकतो, कुत्रं लटपटतं, बेशुद्धही होऊ शकतं. दोन वेगळ्या दवाखान्यांत जात असाल तर पहिल्याची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवाच. वही त्यासाठीही आहे.

कान वेगळे सांभाळा

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, त्यामुळे ओल आणि मळ तळाशी अडकतो. डोकं झटकणं, कान जमिनीला घासणं, तपकिरी मेणासारखा मळ, वास ही लक्षणं. कापसाची काडी आत घालू नका, मळ आणखी खोल ढकलला जातो. कोणताही ड्रॉप टाकण्याआधी डॉक्टरांनी पडदा शाबूत आहे का बघायला हवं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणंच जाऊ शकतं. मागच्या वेळची उरलेली बाटली म्हणूनच वापरू नये. सतत झटकल्याने कानाच्या पाळीत रक्त साठून ती फुग्यासारखी फुगली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पायरी चौथी: मूळ शोधणं

तीन-चार आठवड्यांनी कातडी सुधारली की बहुतेक जण थांबतात. खरं काम इथून सुरू होतं.

पहिला संशय पिसवांचा. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, मोजक्या चाव्यांनीही कंबर आणि शेपटीच्या मुळाशी आग उठते. अंगावर पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असं धरू नका. तिची अंडी आणि अळ्या अंथरुणात आणि फटींत असतात. घरातल्या प्रत्येक प्राण्याला, मांजरालाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पिसवांचं औषध वर्षभर द्यायचं. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनवाली औषधं मात्र मांजराला लावू नका, ती त्याच्यासाठी विष आहेत.

दुसरा संशय खाण्याचा. इथे एक समज खोडायला हवा. भात, पोळी, ब्रेड किंवा गोड खाऊन हा यीस्ट वाढतो असं खूपजण सांगतात. पावाचा यीस्ट वेगळा, हा वेगळा, आणि हा कातडीची चरबी खातो. भात बंद करून तो उपाशी मरत नाही. खाण्याशी संबंध येतो तो ॲलर्जीमुळे. कुत्र्यांमध्ये बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ही नेहमीची कारणं. आपल्या घरातलं कुत्रं चिकन-भात, दूध-पोळी आणि दही-भातावर वाढलेलं असतं, म्हणजे यातल्या तीन गोष्टी रोजच्या ताटात. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर खाण्याच्या ॲलर्जीचं निदान भरवशाने होत नाही. एकच मार्ग: कुत्र्याने कधीच न खाल्लेलं प्रथिन घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे फक्त तेच. त्या काळात बिस्किट नाही, आजीच्या हातचा पोळीचा तुकडा नाही, चव लावलेली गोळीही नाही. बरं वाटलं तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. खाज परतली की खात्री झाली. आमच्याकडे हा प्रयोग पहिल्यांदा फसला, कारण आई दुपारी बाळूला गुपचूप दूध देत होती. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. सगळ्या घराला बसवून आधी समजावून सांगायला हवं होतं.

तिसरा संशय धूळकिडे, परागकण, बुरशी यांची हवेतली ॲलर्जी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते, पंजे, कान आणि काखा धरते. ती मुळातून जात नाही, पण आज तिच्यावर चांगली औषधं आहेत आणि खाज आटोक्यात राहिली की यीस्टही आटोक्यात राहतो. बाळूचं मूळ अखेर हेच निघालं.

कुत्रं सात-आठ वर्षांचं झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच यीस्ट झाला असेल तर हार्मोन तपासून घ्या. सुस्त होणं, जास्त न खाताही वजन वाढणं, शेपटीचे केस जाणं हे थायरॉईड कमी पडत असल्याची खूण असू शकते. खूप पाणी पिणं, पोट लोंबणं ही कुशिंगची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजाराची.

हे मात्र अंगाला लावू नका

गाडीतलं काढलेलं काळं ऑइल खाजऱ्या कुत्र्यांना चोपडायची पद्धत खेड्यापाड्यांत अजून आहे. कुत्रं ते चाटतं, ते कातडीतूनही शोषलं जातं आणि यकृत-मूत्रपिंड खराब होतात. रॉकेल, फिनाईल तसंच. टी ट्री तेल कुत्र्याला विषारी आहे. खोबरेल तेल विषारी नाही, पण आधीच तेलकट असलेल्या कातडीवर ते थापून ओल आत कोंडली जाते. व्हिनेगर खाजवून सोललेल्या जागेवर झोंबतं.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं 'खाज-खरूज-नायटा' सगळ्यावर चालणारं मलमही टाळा. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. लावल्यावर लगेच आराम पडतो म्हणूनच फसायला होतं. शिवाय ते कुत्र्याच्या पोटात जातं.

माणसांना होतो का?

साधारणपणे नाही. पण १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतल्या एका नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात या यीस्टचा संसर्ग आढळला होता, आणि माग काढल्यावर तो कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांशी जोडला गेला. घरात खूप लहान बाळ, केमोथेरपी घेणारं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस असेल तर कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. कुत्र्याला दूर बांधायची गरज नाही.

पायरी पाचवी: पुन्हा स्लाइड

तीन आठवड्यांनी परत जा, मूळच्याच जागांवरून स्लाइड करून घ्या. खाज कमी झाली म्हणून मधेच शाम्पू सोडू नका. स्लाइड स्वच्छ आली की आठवड्यातून दोन आंघोळींची एक, मग पंधरा दिवसांनी एक, असं डॉक्टरांना विचारून कमी करत न्या. अंथरुणाचे कपडे आठवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा. पावसात फिरून आल्यावर दारातच चारही पंजे धुऊन, बेचक्यांपर्यंत पुसा. आमच्या दाराशी चार जुने पंचे अडकवलेले असतात, एकेका पंजाला एकेक.

आमच्या वहीत पाच पावसाळे झालेत. त्यातले पहिले दोन बघितले तर दरवेळी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 'पंजे चाटतोय' अशी नोंद आहे. म्हणून तिसऱ्या वर्षापासून आम्ही वाट बघणं सोडलं. जूनच्या पहिल्या रविवारी आंघोळी सुरू होतात, गणपती होईपर्यंत आठवड्याला एक. यंदा जुलैच्या पानावर फक्त वजन लिहिलेलं आहे.